'आमची ऋणे आम्हांस सोड' म्हणताना पर्समधला फोन थरथरतो : पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, मंडळीचे (म्हणजे चर्चचे) कारभार बघणारे वडील, आणि पुलपीटवरून वचन सांगणारे सगळे बंधू-भगिनी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र कुठल्या एका पाळकांना किंवा एका मंडळीला उद्देशून नाहीये, म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नका, पण कुणी हे आपल्यासाठी नाहीच असं म्हणून बाजूला पण ठेवू नका, एवढी विनंती आहे. मी पाळक नाही, शास्त्राचा कोर्स केलेला नाही. संडे स्कूल घेते, गायनात उभी राहते, आणि गेली काही वर्षं कर्जात आहे. हे शेवटचं वाक्य टाइप करायला मला खूप वेळ लागला, चार वेळा डिलीट केलं, आणि खरं तर हे पत्र त्याच्याबद्दलच आहे.

एका रविवारची गोष्ट सांगते. उपासना चालू होती, सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, आणि 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' या ओळीला पर्समध्ये माझा फोन थरथरायला लागला. सायलेंटवर होता पण शेजारच्या बहिणीला कळलं असणार, कारण बाकावर ठेवलेल्या पर्सचा आवाज होतो तसा झाला. न बघता मला माहीत होतं की वसुलीवाल्यांचा कॉल आहे. ते लोक रविवार बघत नाहीत. मी पर्स उचलून पोटाशी धरली, डोळे मिटलेले ठेवले आणि आमेन म्हटलं. लहानपणापासून ही ओळ हजारो वेळा म्हटली असेल पण त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडली. ऋण. आपल्या मराठीत तो शब्द तसाच आहे, पाप नाही, अपराध नाही, ऋण. लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी पाप हा शब्द येतो आणि लगेच पुढे आपला ऋणी येतोच. येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात पाप आणि कर्ज या दोन्हीला एकच शब्द होता. म्हणजे त्याला जेव्हा आपण पापाखाली कसे दबलेलो आहोत हे सांगायचं होतं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या पोटात आधीच जो गोळा होता तोच त्याने वापरला, कारण कर्ज म्हणजे काय हे समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

आणि आपल्याकडे? मंडळीत आजारासाठी प्रार्थना मागतात, परीक्षेसाठी मागतात, लग्न जमावं म्हणून मागतात, नवऱ्याचं पिणं सुटावं म्हणून पण आता बायका उभ्या राहून मागतात आणि ते फार धैर्याचं आहे. पण 'माझ्यावर इतकं कर्ज आहे आणि मला झोप येत नाही' असं मी तरी आजवर कुणाला उभं राहून म्हणताना ऐकलेलं नाही. फार तर 'आर्थिक अडचणीसाठी प्रार्थना करा' एवढंच, आणि तेही दबक्या आवाजात. पैशाचा विषय पुलपीटवर येतो तो दानार्पणाच्या आधी पाच मिनिटं. येतो तेव्हा पवित्र शास्त्रातलं मलाखी ३ येतं, विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे तिने दान केलेली दोन अगदी छोटी नाणी येतात, पेरणी आणि शंभरपट येतं. मग थैली फिरते आणि विषय संपतो.

मी त्या थैलीत काय टाकत होते ते आज सांगते. मिस्टरांचा धंदा बंद पडला तेव्हा घरात एकाच पगारावर सगळं आलं. आधीचं एक कर्ज होतं, त्याचा हप्ता भरायला दुसरं घेतलं, मग दोन क्रेडिट कार्डं, मग फोनवर ॲपमधून मिळतं ते झटपट कर्ज. आणि या सगळ्यात माझं दशमांशाचं, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला द्यायचं पाकीट एकदाही चुकलं नाही, याचा मला अभिमान होता. एका महिन्यात पगार पूर्ण हप्त्यांत गेला, पाकिटात घालायला काहीच उरलं नाही, तेव्हा मी क्रेडिट कार्डावरून रोख रक्कम काढली आणि पाकीट भरलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, कार्डाने खरेदी केली तर आधीची बाकी नसेल तेव्हा काही दिवस बिनव्याजी मिळतात, पण रोख काढली की सहसा त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं आणि वर काढण्याची फी वेगळी. म्हणजे मी देवाला जे दिलं ते कर्ज होतं, आणि त्यावर व्याज चालू होतं, आणि मी पाकिटावर नाव घालून ते आनंदाने टाकलं असं दाखवलं. त्याच सुमारास बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी सांगितलं की विश्वासाचं बी पेरा, जेवढी तंगी जास्त तेवढं मोठं बी, शंभरपट परत येईल. मी पुन्हा दिलं. परत काय आलं तर पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट.

मला त्या प्रचारकांवर राग काढायचा नाहीये. पण पाळकसाहेब, तुम्हाला तर माहीत आहे ना की मार्क ४ मध्ये ते बी म्हणजे पैसा नाही. येशूने स्वतः तिथेच अर्थ सांगितलाय, पेरणारा वचन पेरतो. एवढा स्पष्ट अर्थ खाली दिलेला असताना त्या ओळीवर आपण पैशाचा हिशेब कसा काय बसवतो? आणि मलाखी तिसऱ्या अध्यायात आठ ते दहा ही वचनं मला तोंडपाठ आहेत, कारण तेवढीच वाचली जातात. पाचवं वचन मी स्वतः घरी वाचलं तेव्हा थांबलेच. तिथे देव म्हणतो की मजुराची मजुरी अडवणारे, विधवेला आणि अनाथाला गांजणारे यांच्याविरुद्ध मी साक्ष द्यायला येतो. म्हणजे दशमांशाबद्दल बोलण्याआधी तो पिचलेल्या माणसाबद्दल बोलतोय. आणि तो दशमांश जायचा कुठे? अनुवाद १४ च्या शेवटी लिहिलंय की दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश आपल्याच वेशीच्या आत ठेवायचा, आणि लेवी (मंदिराची सेवा करणारा, स्वतःची जमीन नसलेला), परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन तो पोटभर खायचा. मी त्या यादीतल्या माणसांइतकीच तंगीत होते आणि मी मात्र भरत होते.

विधवेच्या दोन टोल्यांचं पण तसंच. मार्कमध्ये ती गोष्ट १२:४१ ला सुरू होते, तिच्या अगदी वरच्या ४० व्या वचनात येशू शास्त्र्यांबद्दल म्हणतो की हे विधवांची घरं गिळतात आणि वरून लांब लांब प्रार्थना करतात. लगेच पुढे एक विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका टाकून जाते. आणि त्यानंतर तेराव्या अध्यायात शिष्य मंदिराचे मोठे मोठे दगड दाखवतात तर तो म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. हे तिन्ही एका दमात वाचून बघा. त्या बाईचं मन देवाने पाहिलं यात शंकाच नाही, तिचं दान सगळ्यांपेक्षा जास्त होतं हे त्याने स्वतः सांगितलं. पण ते सांगताना तो खूश होता की त्याचा जीव तुटत होता, हा प्रश्न मला आता दर वेळी पडतो. त्याने कुठेच असं म्हटलेलं नाही की जा, तुम्ही पण असंच करा.

प्रेषित पौलाने तर मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात हे अगदी उघड लिहून ठेवलंय, २ करिंथ ८ मध्ये, की माणसाजवळ जे असेल त्याप्रमाणे दान मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही, आणि दुसऱ्यांचं ओझं हलकं करून तुमच्यावर लादायचं असं नाही. हे वचन दानार्पणाच्या वेळी मोठ्याने वाचलेलं मी ऐकलं असतं तर कदाचित ते पाकीट मी त्या दिवशी भरलं नसतं आणि तरीही देवासमोर ताठ बसले असते.

आता मला शांती कशी मिळाली ते सांगते, आणि ती चमत्काराने मिळाली असं मला म्हणायचं नाहीये, पण चमत्काराचीच गोष्ट त्यात आहे.

गायनात आमच्यात एक मावशी आहेत, वयाने खूप मोठ्या. त्या पर्सच्या रविवारी त्या माझ्या मागच्या बाकावर होत्या. उपासनेनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि कुणाचा फोन होता वगैरे काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "कितीचं आहे गं?" मी म्हटलं काय कितीचं, तर त्या नुसत्या बघत राहिल्या. मला रडू आलं. मग खरी गोष्ट बाहेर आली की मला आकडाच माहीत नव्हता. खरंच माहीत नव्हता. मी इतकी घाबरून होते की स्टेटमेंट उघडायचेच नाही, मेसेज आला की नोटिफिकेशन डावीकडे सरकवून टाकायचे. मावशींनी दुसऱ्या दिवशी मला बसवलं, मुलांच्या शाळेची अर्धी वापरलेली वही होती, तिचं एक पान घेतलं आणि चार रकाने आखले. कुणाचं, किती, व्याज किती, तारीख कुठली. मी फोनमधून एकेक उघडून सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या, मध्ये एकदाही 'बापरे' म्हणाल्या नाहीत. पाऊण तास लागला. त्यात एक कर्ज असं निघालं जे मी विसरूनच गेले होते आणि त्याचा दंड चढत होता. एकूण बेरीज झाली तेव्हा ती मी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमी होती. भीतीने मी ती मनातल्या मनात वाढवून ठेवली होती.

मग मावशींनी पवित्र शास्त्र काढलं आणि २ राजे ४ उघडलं. संदेष्ट्यांच्या शिष्याची विधवा, नवरा देवाला भिऊन चालणारा होता, पण गेला आणि मागे कर्ज राहिलं आणि सावकार दोन्ही मुलांना दास करून न्यायला आलाय. देवभीरू माणसाच्या घरी कर्ज! शास्त्रात लिहिलंय, आणि त्याबद्दल त्या मेलेल्या माणसाला एका शब्दाने दोष दिलेला नाही. आणि ती बाई काय करते तर अलीशा संदेष्ट्याकडे जाऊन मोठ्याने ओरडून सांगते. लपवत नाही. अलीशा विचारतो, तुझ्या घरात काय आहे ते सांग. तो तिला दान द्यायला सांगत नाही, उपास धर म्हणत नाही, आधी घरात काय आहे ते विचारतो. एक कुपीभर तेल. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडी नको, पुष्कळ माग. विचार करा, शेजाऱ्यांना पण आता कळणारच ना की हिच्या घरी काहीतरी चाललंय. त्यांच्या भांड्यांशिवाय तो चमत्कार झाला नसता, भांडी संपली तिथेच तेल थांबलं असं स्पष्ट लिहिलंय. आणि शेवटी अलीशा जे सांगतो ते मी आधी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं : तेल वीक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. देवाने कर्ज गायब नाही केलं. सावकाराला मारलं नाही. फेडायला साधन दिलं आणि जगायला उरवलं.

मला नंतर कळलं की इब्री भाषेत शांतीला जो शालोम शब्द आहे, त्याच धातूपासून फेडणे हे क्रियापद येतं, आणि अलीशा त्या बाईला 'कर्ज फेड' म्हणतो तिथे तेच वापरलेलं आहे. पूर्ण करणं, अपुरं राहिलेलं भरून काढणं. मी इतकी वर्षं शांती म्हणजे कर्ज नसणं असं धरून बसले होते, कधी एकदा सगळं संपेल आणि मग शांत होईन. पण ज्या रात्री ते पान लिहून झालं त्या रात्री एक पैसाही फिटलेला नव्हता आणि मी झोपले. सलग झोपले, सकाळी अलार्मने उठले.

पुढचं मग रोजचं काम होतं. मिस्टरांना सगळं सांगितलं, ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच वही मागितली. वसुलीवाल्यांचा फोन यायची वाट न बघता मीच फोन करायला लागले, आणि एका ठिकाणी कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळाली. लोकांना हे गणित कुणीतरी समजावलं पाहिजे हो, आणि ते मंडळीत समजावलं तर बिघडलं काय? महिना ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चढत्या व्याजाने वर्षाला ३६ नाही तर ४२ टक्क्यांच्या वर जातं, आणि काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते. आणि बिलावर जी 'मिनिमम ड्यू', म्हणजे निदान एवढी तरी भरा अशी रक्कम असते, समजा ५ टक्के, ती भरली की आपल्याला वाटतं भरलं बुवा, पण त्या १०० मागच्या ५ मधले ३ व्याजातच जातात आणि मुद्दल जेमतेम २ ने हलतं. मी वर्षभर तेच करत होते आणि वर 'प्रभू मार्ग काढ' म्हणत होते. लूक १४ मध्ये येशूने बुरूज बांधणाऱ्याबद्दल म्हटलंय ना, की आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही असा कोण आहे. शिष्य होण्याची किंमत सांगायला त्याने ते उदाहरण घेतलं हे खरं, पण हिशेब करायला बसणं ही शहाण्या माणसाची गोष्ट आहे हे त्याने गृहीतच धरलंय.

हिशेबवाले सांगतात की ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी फेडा, पैसा वाचतो. ते बरोबरच आहे. मी मात्र सगळ्यात छोटं आधी फेडलं, कारण मला पैशापेक्षा धीर हवा होता. त्या एका ओळीवर रेघ मारताना मावशी, मिस्टर आणि मी तिघांनी मिळून प्रार्थना केली. आता वहीत शेवटचं एक कर्ज आहे आणि त्याचे ११ हप्ते बाकी आहेत. हे पत्र कर्जमुक्त झालेल्या बाईची साक्ष नाहीये म्हणून मुद्दाम सांगते.

अजून एक. आम्ही थोडं थोडं बाजूला ठेवायला लागलो तेव्हा एका ओळखीच्या विश्वासू बंधूंनीच मला टोकलं की उद्याची चिंता करू नका असं प्रभू म्हणतो आणि तुम्ही साठवताय? मला वाईट वाटलं. रानात देवाने इस्राएलांना रोज दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, साठवला तर किडे पडले हे खरं आहे, पण त्याच निर्गम १६ मध्ये सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलंय आणि तो नासला नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवला म्हणून दुष्काळात लोक जगले. कोठारं मोठी करून 'माझ्या जिवा, आराम कर' म्हणणारा येशूच्या दाखल्यातला श्रीमंत माणूस वेगळा आणि पुढच्या दुखण्याला पुन्हा ॲपवरून कर्ज काढावं लागू नये म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणारी आई वेगळी. हा फरक तुम्ही पुलपीटवरून सांगितलात तर कितीतरी घरांतला अपराधीपणा जाईल.

आणि फिलिप्पै ४. ज्या स्थितीत आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, असं पौल म्हणतो. आम्हाला हे नेहमी असं सांगितलं जातं की बघा, तो तुरुंगात होता तरी तक्रार नव्हती, तुम्ही पण कुरकुर करू नका. पण तो अध्याय कशाबद्दल आहे? तो आभाराचा आहे! एपफ्रदीताच्या हातून त्या मंडळीने त्याला मदत पाठवली, ती मिळाल्याची पोच आहे ती. तो म्हणतो मी तृप्त आहे, आणि लगेच म्हणतो तरी तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात हे चांगलं केलंत. म्हणजे संतुष्ट असणं आणि मदत घेणं हे एकाच माणसाच्या एकाच पत्रात आहे. शिवाय तो 'शिकलो' म्हणतो, म्हणजे त्यालाही ते आधीपासून येत नव्हतं. शिकायला कुणीतरी सोबत लागतं. मला मावशी मिळाल्या. ज्याला मावशी मिळत नाहीत त्याचं काय?

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. पहिलं म्हणजे दानार्पणाच्या आधी कधीतरी एवढं म्हणा की आज ज्याच्या घरी कर्ज आहे, ज्याच्या मुलांची फी थकलीय, त्याने थैली पुढे सरकवली तरी देवाच्या आणि आमच्या नजरेत तो तसूभर कमी नाही. एक वाक्य आहे. ते तुमच्या तोंडून आलं पाहिजे, आमच्या तोंडून ते पळवाट वाटतं. काही जणांना भीती वाटेल की मग दान कमी होईल. होईल कदाचित एखाद-दोन महिने. पण संतोषाने देणारा देवाला प्रिय आहे असं वचन आहे, आणि भीतीने भरलेल्या पाकिटाने कुणाची इमारत उभी राहावी असं तुम्हालाही वाटत नसणार.

दुसरं, जामिनाबद्दल बोला. मंडळीत एकमेकांना नाही म्हणता येत नाही, 'भाऊ आहे, विश्वासू आहे' म्हणून लोक सह्या करतात आणि मग दोन घरं बुडतात आणि दोघंही उपासनेला यायचे बंद होतात. नीतिसूत्रे २२ मध्ये लिहिलंय की फेडायला जवळ नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून न्यावं, इतकं साधं आणि घरगुती. यावर एक तरी उपदेश व्हायला हवा की नाही?

तिसरं मागणं मोठं आहे. मंडळीत एक छोटा फंड करा, ज्यातून अडलेल्याला बिनव्याजी उसने मिळतील आणि तो जमेल तसे परत करेल. हे काही मी नवीन सांगत नाहीये. इटलीत पेरुजा इथे १४६२ साली फ्रान्सिस्कन बंधूंच्या पुढाकाराने अशी पेढी निघाली जिथे गरीब माणूस वस्तू तारण ठेवून अगदी थोड्या व्याजाने कर्ज घेऊ शकत होता, म्हणजे त्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी १७४६ मध्ये लंडनमध्ये लोकांकडून पैसे गोळा करून गरिबांना छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली, थोड्या मुदतीत परत करायच्या बोलीवर. आणि जर्मनीत फ्रेडरिक विल्हेल्म रायफायझन हे गावाचे महापौर, येशूच्या शिकवणीवरून हे काम करतोय असं उघड म्हणणारे, त्यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फला गावकऱ्यांची पतसंस्था काढली, जिथे सगळे सभासद एकमेकांच्या कर्जाला जबाबदार होते. एकट्याने गुपचूप जामीन राहणं वेगळं आणि सगळ्यांनी मिळून, वही उघडी ठेवून, एकमेकांना ओळखून जबाबदारी घेणं वेगळं. ही माणसं आपल्याच विश्वासातली होती. यरुशलेमची भिंत पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याने तर दुष्काळात शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलेल्या लोकांचं रडणं ऐकलं, त्याला संताप आला, मग त्याने मनाशी विचार केला आणि सभा बोलावली, आणि व्याज घेणारे आपलेच भाऊबंद होते त्यांना सगळं परत करायला लावलं. भिंत बांधायचं काम चालू असताना हे त्याने केलं. भिंत पूर्ण झाल्यावर बघू असं म्हटलं नाही.

फंड काढलात तर हिशेब मात्र उघडा ठेवा, मंडळीचा पण. यात तुमच्यावर शंका नाही. पौलाने यरुशलेमसाठी मदत गोळा केली तेव्हा एकट्याने हातात घेतली नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला, आणि लिहिलं की फक्त प्रभूच्याच नाही तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही बघतो. ज्याला आपला आकडा मंडळीपुढे उघडायचाय त्याला मंडळीचा आकडा दिसला की धीर येतो.

आणि पाळकसाहेब, तुमच्यासाठी पण. मला माहीत आहे की कितीतरी पाळकांच्या स्वतःच्या घरी महिना पुरत नाही, मानधन वेळेवर येत नाही, आणि तुम्ही ते कुणाला सांगू शकत नाही कारण लोक म्हणतील यांच्याच विश्वासात काहीतरी कमी आहे. २ राजेमधला तो मेलेला माणूस संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकीच होता, सेवेतला माणूस. तुमच्या घरात पण असं एखादं पान असेल तर तुम्हीही ते कुणासमोर तरी उघडा. तुम्ही उघडलंत तर आम्ही भांडी आणू, थोडी नाही, पुष्कळ.

मावशी आता फारशा बाहेर पडत नाहीत. जाता येत नाही म्हणून त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलंय. उपासना संपल्यावर मी डावीकडून तिसऱ्या बाकावर थोडा वेळ बसून राहते, बॅगेत कोरी वही आणि दोन पेनं असतात. आत्तापर्यंत तीन बहिणी आणि एक तरुण मुलगा येऊन बसलेत. त्या मुलाने पाचव्या ओळीला पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही, मी पण बोलले नाही, मग त्याने पेन उचललं आणि सहावी ओळ लिहिली. आम्हाला बसायला आतली खोली आणि दार लावायची परवानगी मिळाली तर बरं होईल, कारण बाकावर बसून लोकांना आकडे मोठ्याने सांगता येत नाहीत.

ख्रिस्तात तुमची,
मंडळीतली एक बहीण